एक्स-रे ‘स्वच्छ’ दिसतो, पण डोस किती गेला?

कन्सोलमागून

डिजिटल एक्स-रे आल्यापासून आमच्या कामातली एक गोष्ट उलटीपालटी झाली आहे. विभागाबाहेर तिच्याविषयी कुणी बोलत नाही, विभागातही कमीच, म्हणून हा धागा काढतो आहे. मी रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारा, आहे. इथे डॉक्टर आहेत, भौतिकशास्त्रवाले आहेत, नुसते पेशंट म्हणून एक्स-रे काढून आलेलेही आहेत. सगळ्यांनी लिहावं.

फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळीकुट्ट यायची, कमी झालं की पांढुरकी. व्ह्यू बॉक्सवर अडकवली की दोन्ही चुका कुणालाही दिसायच्या. आता डिटेक्टरवर, म्हणजे फिल्मच्या जागी आलेल्या पाटीवर, कितीही किरण पडोत, सॉफ्टवेअर उजेड-अंधार जुळवून घेतं. एक्स्पोजर निम्मं गेलं तर चित्रात दाणे दिसतात आणि रिपोर्टिंग रूममधून फोन येतो, ‘ग्रेनी आहे, रिपीट करा.’ दुप्पट गेलं तर चित्र आणखी मऊ, आणखी सुबक येतं. फोन येत नाही. चौपटीलाही सहसा येत नाही. नव्या मुलाला लवकरच कळतं की बोलणी एकाच बाजूने बसतात. मग तो एमएएस (किरण किती सोडायचे हे ठरवणारा मशीनवरचा आकडा) जरा वरच ठेवायला लागतो, त्याचं पाहून दुसरा. कुणाचाही हेतू वाईट नसतो, पण चार्टवरचे आकडे चढत जातात. याला डोस क्रीप म्हणतात. त्याचं मूळ मशीनमध्ये कमी आणि चित्र बघणाऱ्या डोळ्याच्या आवडीनिवडीत जास्त आहे.

हे दाणे येतात कुठून? क्ष-किरणांचे फोटॉन सुटे सुटे, कसेही विखरून येतात. एका बारक्या चौकोनावर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील, तर प्रत्यक्षात कुठे ९० पडतात, कुठे ११०. चढउतार साधारण वर्गमुळाइतका, म्हणजे इथे १० टक्के. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १००, म्हणजे १ टक्का. म्हणून दाणे निम्मे करायचे असतील तर डोस दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो.

आता डोळ्याची बाजू. अल्बर्ट रोझ हा आरसीए कंपनीत टीव्ही कॅमेऱ्याच्या नळ्यांवर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ. दाणेदार चित्रातला ठिपका खरा आहे हे डोळ्याला खात्रीने कळण्यासाठी तो आजूबाजूच्या चढउतारापेक्षा किती उठून दिसला पाहिजे, याचा त्याने पाठपुरावा केला. १९४८ सालच्या त्याच्या लेखातून जो ठोकताळा रूढ झाला तो असा : साधारण ५ पट. त्याहून कमी असेल तर खरे ठिपके निसटतात आणि नसलेले ठिपके दिसायला लागतात.

हा ठोकताळा कागदावर मांडून बघा. भोवतालपेक्षा ५ टक्के वेगळा दिसणारा ठिपका शोधायचा आहे. ५ भागिले ०.०५ म्हणजे १००, त्याचा वर्ग १०,०००. त्या ठिपक्याच्या क्षेत्रफळावर एवढे फोटॉन नोंदले गेले पाहिजेत. ठिपक्याचा व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ पाव होतं, पण फोटॉन तेवढेच हवेत, म्हणजे डोस चौपट. कॉन्ट्रास्ट, म्हणजे भोवतालपासूनचा फरक, निम्मा झाला तरी चौपट. दोन्ही निम्मे झाले तर सोळापट.

म्हणजे ‘डोस किती द्यावा’ हा प्रश्न ‘काय शोधायचं आहे’ हे ठरल्याशिवाय विचारताच येत नाही. मुलाने गिळलेलं नाणं शोधायचं असेल तर ते दाण्यांच्या गर्दीतही लख्ख दिसतं. पेशंटला घातलेल्या नळीचं टोक जागेवर आहे का एवढंच बघायचं असेल तरी तसंच. केसाएवढी बारीक भेग शोधायची असेल तर मात्र दाणे खरोखर आड येतात. आणि आपण काय करतो? सगळ्यांसाठी एकच सुबक चित्र मागतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

रानवेल

छान समजावलंत. मी यातली नाही, पण प्रश्न जवळचा आहे. माझ्या मुलीच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, त्यामुळे तिचे एक्स-रे ठरावीक काळाने काढावेच लागतात. दर वेळी पोटात गोळा येतो. एका एक्स-रेला डोस नेमका किती? आणि ‘कमी स्पष्ट चाललं तरी चालेल’ असं पालकांनी म्हणायचं का?

कन्सोलमागून

रानवेल, अंदाज यावा म्हणून आकडे देतो, मिलिसिव्हर्ट या डोसच्या एककात. जगाची सरासरी धरली तर जमीन, हवा, अवकाश आणि अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास नैसर्गिक डोस मिळतोच. मोठ्या माणसाच्या छातीच्या एका साध्या एक्स-रेला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीनेक दिवसांचा नैसर्गिक डोस. पोटाच्या सीटीला साधारण ८, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. पूर्ण कण्याचा एक्स-रे छातीपेक्षा जास्त आणि सीटीपेक्षा बराच कमी.

तुमच्या प्रश्नाला धरून एक मोठा धडा आहे. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात कण्याच्या बाकासाठी उपचार घेतलेल्या मुलींचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. तेव्हाचे डोस आजच्यापेक्षा खूप जास्त होते आणि एकेकीचे एक्स-रेही पुष्कळ व्हायचे, त्यामुळे तो आकडा आज तसाच लावू नका. पण त्यातून एक साधा उपाय रूढ झाला : किरण पाठीकडून आत सोडायचे. शरीर भेदत पुढे जाता जाता त्यांतले बहुतेक शोषले जातात, त्यामुळे छातीच्या बाजूला थोडेच पोचतात. बाकाचा कोन मोजायला काहीच फरक पडत नाही.

आणि हो, ‘फक्त कोन मोजायचा आहे, कमी डोसवर चालेल का’ असं जरूर विचारा. मणक्यांच्या कडा दिसल्या की कोन मोजता येतो, हाडाची बारीक जाळी दिसायची गरज नसते.

सावलीवाचक

मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रं वाचून रिपोर्ट देणारा डॉक्टर, आहे. धागा आवडला, पण आमची बाजू अर्धवट आली आहे. फोनवर ‘रिपीट करा’ म्हणणारा मीच असतो. गाठ निसटली तर जाब मला विचारतात. डोस दुप्पट झाला म्हणून मला आजवर कुणी जाब विचारलेला नाही. अशा स्थितीत माणूस स्वच्छ चित्राकडे झुकणारच.

तरीही इतक्या वर्षांच्या वाचनानंतर एक गोष्ट मान्य करतो. निसटलेल्या गोष्टींपैकी फार थोड्या दाण्यांमुळे निसटतात. हॅरोल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडिन यांनी रेडिओलॉजिस्टांची नजर चित्रावर कुठे कुठे फिरते याची नोंद केली. त्यांना चुका तीन प्रकारच्या आढळल्या. काही गाठींकडे नजर गेलीच नाही. काहींवरून ती गेली, पण तिथे ठरली नाही. आणि ज्या चुका मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात त्यांत नजर गाठीवर चांगली रेंगाळली आणि मग ‘काही नाही’ असा निर्णय झाला. तिसऱ्या प्रकाराला तुम्ही दसपट डोस द्या, काय फरक पडणार?

याच दोघांचा १९७५ सालचा प्रयोग आहे. छातीची चित्रं फक्त ०.२ सेकंद दाखवली. एवढ्या वेळात नजर एका जागेवरून दुसरीकडे जाऊही शकत नाही. तरी सुमारे ७० टक्के उत्तरं बरोबर आली! हवा तितका वेळ दिल्यावर ९७ टक्के. म्हणजे अनुभवी डोळा पहिल्या क्षणी संपूर्ण चित्राचा अंदाज बांधतो आणि मग शंका असेल तिथे परत जातो. हा पहिला अंदाज मोठ्या आकारांवर बांधला जातो, आणि मोठ्या आकारांना दाण्यांचा त्रास कमी होतो.

२०१३ सालचा गोरिलाचा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. फुफ्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितल्या आणि शेवटच्या चित्रमालिकेत गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं. २४ रेडिओलॉजिस्टांपैकी २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या १२ जणांची नजर थेट त्याच्यावर पडली होती.

वर्गमूळ

वैद्यकीय भौतिकशास्त्र शिकवतो. सावलीवाचक यांच्या प्रतिसादाला पुरवणी.

रोझचा हिशेब एकसारख्या पार्श्वभूमीसाठी आहे. माणसाचं शरीर एकसारखं नसतं. छातीच्या चित्रात बरगड्या, रक्तवाहिन्या, त्यांचे एकमेकांवर चढलेले तुकडे हेच खरे लपवणारे. याला आम्ही शरीररचनेचा नॉइज म्हणतो (दाणे हा फोटॉनचा नॉइज). छातीतल्या लहान गाठींवर जे प्रयोग झाले त्यांत फोटॉनच्या दाण्यांपेक्षा या नॉइजचा अडथळा कितीतरी मोठा निघाला. आणि तो डोस वाढवून रेसभरही कमी होत नाही. बरगडी दुप्पट डोसमध्ये दुप्पट स्वच्छ बरगडी होते, एवढंच.

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, तर हिशेब उलटाच होतो. आर्थर बर्जेस यांनी २००१ साली खऱ्या मॅमोग्रामच्या पार्श्वभूमीवर माणसांना गाठी शोधायला लावल्या. एकसारख्या पार्श्वभूमीवर ठिपका मोठा झाला की कमी कॉन्ट्रास्टमध्येही दिसतो. स्तनाच्या पेशीजालाच्या पार्श्वभूमीवर मात्र गाठ मोठी झाली की तिला जास्त कॉन्ट्रास्ट लागला, कारण ते पेशीजालच गाठीएवढ्या ढगांनी भरलेलं असतं. त्याच चित्रातले कॅल्शियमचे बारीक कण मात्र रोझच्या नियमात चालतात. त्यांना दाणे नडतात, त्यांना डोस लागतो. म्हणून मॅमोग्राफीचा डोस ठरवताना कणांचा विचार करावा लागतो. गाठीसाठी डोस वाढवण्यापेक्षा वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेऊन थर सुटे करणं जास्त उपयोगी.

कन्सोलमागून यांचं म्हणणं मी थोडं पुढे नेईन. ‘काय शोधायचं आहे’ हे विचारा, आणि ‘ते कशाच्या मागे लपलंय’ हेही विचारा. दाण्यांमागे असेल तर डोस. बरगडीमागे असेल तर कोन बदला, किंवा सीटीचा विचार करा.

जुनीपाने

वाचतोय. इतिहासातली थोडी भर.

फ्लुरोस्कोपीच्या, म्हणजे पडद्यावर चालत्या एक्स-रे चित्राच्या, पहिल्या अर्धशतकात पडदा इतका अंधुक असायचा की डॉक्टरांना अंधारात बसून डोळे तयार करावे लागत, वीस-तीस मिनिटं. तेवढा वेळ अडकून पडू नये म्हणून विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९१६ साली लाल काचांचे चष्मे आणले. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे लाल चष्मा लावून उजेडात इतर कामं करता करता डोळा अंधारासाठी तयार होत राहायचा. पण दंडपेशींची नजर बारकाव्यांना फारच अधू. १९४१ साली एडवर्ड चेंबरलेन यांनी एका व्याख्यानात हे ठासून सांगितलं की अडचण पडद्यावरच्या उजेडाची आहे, डोळा नको त्या पेशींनी बघतो आहे. १९४८ साली वेस्टिंगहाऊसमध्ये जॉन कोल्टमन यांनी इमेज इंटेन्सिफायर तयार केला आणि उजेड कितीतरी पटींनी वाढवता आला.

त्याच सुमाराला हेही ध्यानात आलं की उजेड वाढवला की दाणेही तितकेच उजळतात. पुरेसा उजेड मिळाल्यावर पुढची मर्यादा फोटॉनच्या संख्येची. ती कुठल्याही यंत्राने ओलांडता येत नाही.

आणि त्याही आधीचं एक नाव विसरू नये. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली. फ्लुरोस्कोपच्या कामात त्याचे हात सतत किरणांत राहिले आणि १९०४ साली तो गेला. त्याची अवस्था पाहून एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं.

निळीशाई

+१ सगळ्यांना. पण आता एआयने दाणे काढता येतात ना? कमी डोसमध्ये काढा, सॉफ्टवेअरने स्वच्छ करा, प्रश्न मिटला. फोनचे कॅमेरे हेच करतात.

वर्गमूळ

निळीशाई, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. थोडा फायदा खराच होतो. पण सॉफ्टवेअरला मिळते ती तेवढीच माहिती जेवढे फोटॉन आले. जोरदार कडा, हाड, कॅल्शियम, नळी हे सगळं ते छान वाचवतं. यकृतातली भोवतालपेक्षा किंचित गडद अशी लहान गाठ मात्र दाण्यांच्या पातळीलाच असते. दाणे पुसताना ती पुसली गेली तर चित्र बघून कुणाला कळणारही नाही, कारण चित्र सुंदर दिसतं. सीटीमध्ये असे अभ्यास झाले आहेत. डोस बराच कमी करून नव्या पद्धतीने चित्र तयार केलं, मोजलेला नॉइज पूर्वीइतकाच आला, तरी कमी कॉन्ट्रास्टच्या गाठी सापडायचं प्रमाण घसरलं.

म्हणून ‘चित्र कसं दिसतं’ याला गुण देऊन डोस ठरवणं मला धोक्याचं वाटतं, दोन्ही बाजूंनी. गुळगुळीत चित्राच्या मोहाने जुन्या पद्धतीत डोस वाढतो, आणि नव्या पद्धतीत तो नको इतका उतरतो. गाठी खऱ्याखुऱ्या सापडतात का, एवढंच मोजायला हवं.

सावलीवाचक

याला पूर्ण अनुमोदन. अशी चित्रं मेणासारखी दिसतात आणि माझा अनुभव असा की दाण्यांचा पोत बदलला की सरावलेली नजर बिचकते. दाण्यांतूनही ‘हे खरं, हे खोटं’ असा अंदाज आम्ही नकळत घेत असतो.

पडद्यापलीकडे

कॅथलॅबमध्ये (फ्लुरोस्कोपीखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात तिथे) टेक्निशियन आहे. आमच्याकडे डोळा आणि डोस यांचं नातं रोज, प्रत्येक केसला दिसतं.

फ्लुरोस्कोपीत एकेक फ्रेम थांबवून बघितली तर अगदी दाणेदार असते. चालू असताना तीच बरी दिसते, कारण डोळा साधारण दशांश सेकंदाच्या आसपासच्या फ्रेम्स आपोआप एकत्र करतो. सेकंदाला ३० फ्रेम्स चालू असतील तर डोळ्यात तीन-चार फ्रेम्सची सरासरी होते. १५ वर आणलं तर एक-दोनच. म्हणून १५ वर प्रत्येक पल्स थोडा जोरदार द्यावा लागतो, आणि फ्रेम्स निम्म्या केल्या की डोस निम्मा असा सरळ हिशेब बसत नाही. तरीही बचत होते आणि ती चांगली असते. तार पुढे सरकवताना ७.५ वरही काम होतं. फक्त पहिले काही दिवस हालचाल तुटक वाटते आणि डॉक्टर ‘वाढव’ म्हणतात. नजर बसली की पुन्हा कुणी मागत नाही.

दुसरं म्हणजे किरण सोडणाऱ्या पेडलवरचा पाय. शेवटचं चित्र पडद्यावर थांबलेलं असतं, विचार त्याच्याकडे बघून करता येतो. विचार करताना पेडल दाबून ठेवायची गरज नाही.

आणि आमचे स्वतःचे डोळे. २०११ साली आयसीआरपी या किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगाची कामगारांसाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून २० वर आणली, पाच वर्षांची सरासरी धरून. मोतीबिंदू पूर्वी समजलं होतं त्याहून कमी डोसला होतो, हे लक्षात आलं म्हणून. ज्या डोळ्यांना स्वच्छ चित्र हवं म्हणून डोस वाढवायचा, त्याच डोळ्यांवर पेशंटकडून उडालेले किरण येतात. लेडचा चष्मा, वरून टांगलेली काच, किरण सोडणारी नळी टेबलाखाली आणि डिटेक्टर पेशंटच्या जमेल तितका जवळ. ॲप्रन सगळे घालतात, काच मात्र बऱ्याचदा बाजूला सारलेली असते. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की ती ओढून घ्या.

तिरपीरेघ

नॉइजवर सगळे बोललेत, डोळ्याच्या फसवणुकीबद्दलही एक. गडद आणि फिक्या भागांच्या सीमेवर डोळा स्वतःच एक काळी किंवा पांढरी रेघ काढतो. एर्न्स्ट माखने हे १८६५ साली दाखवलं. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या सुळक्यावर दुसऱ्या हाडाची कड आली की तिथे हुबेहूब फ्रॅक्चरची रेघ दिसते. मग आणखी एक्स-रे, कधी सीटी. रेघेला लागून असलेली कड हाताने झाकून बघायची. रेघ गेली तर ती डोळ्यातली, राहिली तर हाडातली. पडद्यावर कागद धरूनही जमतं.

सावलीवाचक

तिरपीरेघ, हे शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात दाखवायला हवं.

आणखी एक, जे आमच्याच हातात आहे. डोस वाढवण्याआधी रिपोर्टिंग रूम बघा. पडद्यासमोर खिडकी, डोक्यावर ट्यूबलाइट, पडद्यावर बोटांचे ठसे. डायकॉमचा (वैद्यकीय चित्रांच्या मानकाचा) ग्रे-स्केल डोळ्याला जेमतेम जाणवेल अशा फरकाच्या पायऱ्यांवर बेतलेला आहे. पडद्यावर बाहेरचा उजेड पडला की गडद भागातल्या पायऱ्या सरळ दिसेनाशा होतात. फुफ्फुसातलं, हृदयामागचं जे काही असतं ते त्याच भागात. खोलीत २० ते ५० लक्स (लक्स हे उजेडाचं एकक) एवढा मंद उजेड पुरे. पूर्ण काळोखही नको, डोळे थकतात. पडदा वेळोवेळी कॅलिब्रेट करून घ्या. याने पेशंटला एकही जादा फोटॉन लागत नाही. आमच्याकडे पडदा खिडकीपासून फिरवून घेतला तेव्हा ‘चित्र नीट नाही’ ही तक्रार बरीच कमी झाली.

आणि दाणेदार चित्र शंभर टक्के झूम करून नाक लावून बघू नका. थोडं मागे सरकलं की डोळा आजूबाजूच्या दाण्यांची सरासरी काढतो आणि मोठी, फिकट सावली वर येते. मग बारीक गोष्टींसाठी जवळ जा.

रानवेल

सगळ्यांचे आभार. पुढच्या वेळी पाठीकडून काढता का आणि फक्त कोन मोजायचा असेल तर कमी डोसवर चालेल का, हे दोन्ही विचारणार आहे. डोस ठीक गेला की नाही हे काढणाऱ्याला लगेच कळतं का? फिल्म काळी होत नाही म्हणालात, मग कशावरून?

कन्सोलमागून

कळतं, आकडा बघितला तर. प्रत्येक चित्राबरोबर एक्स्पोजर इंडेक्स येतो, म्हणजे डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले याचं माप. त्याच्या शेजारी डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे ठरवलेल्या लक्ष्यापासून किती दूर. शून्य म्हणजे बरोबर लक्ष्यावर. अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. फिल्म काळी होऊन जे सांगायची ते आता हा आकडा सांगतो. फरक इतकाच की तो डोळ्यात भरत नाही, मुद्दाम बघावा लागतो. पेशंटच्या अंगात नेमका किती डोस गेला हे मात्र त्यावरून थेट निघत नाही, त्यासाठी वेगळं माप असतं.

निळीशाई

मग सगळीकडे हा आकडा बघून काम होत असेल ना?

पडद्यापलीकडे

आमच्या एक्स-रे रूममधल्या मशीनवर डेव्हिएशनच्या जागी नुसती रेघ येते, आकडा येतच नाही.

कन्सोलमागून

पडद्यापलीकडे, लक्ष्य भरलेलं नसेल तर तसं होतं. इंजिनिअर बसवून जातो आणि ते रकाने रिकामे राहतात. छाती, पोट, हात, लहान मुलं, प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं भरावं लागतं. ते एकट्या टेक्निशियनने भरू नये. तुमचे रेडिओलॉजिस्ट आणि भौतिकशास्त्रज्ञ यांना एकत्र बसवा, कमी होत जाणाऱ्या एक्स्पोजरची चित्रं समोर ठेवा आणि कोणत्या पायरीला शोधायची गोष्ट दिसेनाशी होते ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. ही चित्रं पेशंटवर काढायची नाहीत, त्यासाठी फँटम, म्हणजे शरीराच्या जागी ठेवायचा नमुना, वापरायचा. पहिली सुरुवात मुलांच्या छातीपासून करा. तिथे एमएएस सगळ्यात जास्त सवयीने दिला जातो आणि ग्रिडही (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) विनाकारण लावलेली असते. बारीक अंगाच्या मुलाला ती काढली तरी चालते. रकाने भरून झाले की इथे कळवा, आमचे आकडे मी पाठवतो, ताडून बघू.